कूटलेखनाचे पुरवठादार : ओपनएसएसएलमधील मॉड्यूलांची व्यवस्था

जुन्या मराठी कागदपत्रांत पत्राच्या माथ्यावर मुद्रा आणि अखेरीस मोर्तब उमटविण्याची पद्धत होती. मोर्तब झाल्यावाचून पत्र पुरे झाले असे मानीत नसत. आणि म्हणूनच शिक्के कोणाच्या हाती असावेत, हा कारभारातील नाजूक प्रश्न असे. पेशवेपदाच्या वस्त्रांबरोबर शिक्के-कट्यार देण्याची रीत होती, ती उगीच नव्हे. ज्याच्या हाती शिक्का, त्याच्या हाती शब्द, असा तो व्यवहार होता.

आज हा शिक्का दिसेनासा झाला आहे. ई-ग्रामस्वराज प्रणालीतून ग्रामपंचायतीचे देयक अदा व्हावयाचे झाल्यास एकाने नोंद करावयाची, दुसऱ्याने मंजुरी द्यावयाची आणि दोघांनीही आपापली डिजिटल स्वाक्षरी करावयाची, असा क्रम आहे. महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा २०१८ पासून मिळू लागला. निविदा संगणकावर भरल्या जातात, उघडल्याही जातात. या प्रत्येक व्यवहारामागे कोठेतरी एक गणित केले जाते. ते गणित कोण करतो, ते करणाऱ्यास कोणी नेमले आणि त्याला बदलण्याचा अधिकार कोणास आहे, हे प्रश्न वरवर तांत्रिक वाटतात. वस्तुतः ते कारभाराचेच प्रश्न आहेत. त्यांचे स्वरूप समजून घेण्यासाठी जगभर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कूटलेखन-प्रणालींपैकी एक, ‘ओपनएसएसएल’, हिचे उदाहरण उपयुक्त ठरते.

‘लायब्ररी’ म्हणजे काय?

संगणकाच्या परिभाषेत लायब्ररी म्हणजे पुस्तकांचा संग्रह नव्हे. अनेक प्रणालींना वारंवार लागणारी कामे एकदाच नीट लिहून, तपासून एका ठिकाणी ठेवलेली असतात. ज्या प्रणालीस जे काम हवे ते तिने तेथून करवून घ्यावे, अशी ही सोय असते. कूटलेखनाच्या बाबतीत तर ती अत्यावश्यकच म्हणावी लागेल. संदेश गुप्त करणे, त्याचा संक्षिप्त ठसा काढणे, स्वाक्षरी करणे व ती पडताळणे ही कामे प्रत्येकाने आपापल्या परीने लिहिली, तर त्यात चुका होणार आणि त्या चुका वरून दिसणारही नाहीत. बेरीज चुकली तर ताळेबंद जुळत नाही. कूटलेखन चुकले तर सारे जुळल्यासारखेच दिसते.

एरिक यंग व टिम हडसन या दोघांनी सिद्ध केलेल्या ‘एसएसएलई’ या जुन्या संग्रहापासून डिसेंबर १९९८ मध्ये ओपनएसएसएलचा आरंभ झाला. संकेतस्थळे चालविणारे सर्व्हर, टपाल पोहोचविणाऱ्या यंत्रणा, दूरच्या यंत्रावर प्रवेश देणाऱ्या सोयी अशा असंख्य ठिकाणी तिचा वापर होतो. एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ नावाचा तिच्यातील दोष उघडकीस आला, तेव्हा जगभरच्या असंख्य संस्थांना आपल्या किल्ल्या व प्रमाणपत्रे बदलावी लागली. एका संग्रहावर एवढे अवलंबून राहण्याची ही किंमत होती.

परंतु या लेखाचा विषय तो दोष नव्हे. ओपनएसएसएल स्वतःच आता बरीचशी कामे दुसऱ्यांकडून करवून घेते, हा आहे.

इंजिनापासून पुरवठादारापर्यंत

सन २००० च्या सुमारास संगणकांची गती आजच्या मानाने फारच कमी होती आणि कूटलेखनाची गणिते जड होती. ती झपाट्याने करणारी खास यंत्रे काही कंपन्या बनवीत. त्या यंत्रांचा उपयोग ओपनएसएसएलमार्फत करता यावा म्हणून ०.९.६ या आवृत्तीसोबत ‘इंजिन’ नावाची सोय आली. बाहेरून एक मॉड्यूल, म्हणजे स्वतंत्रपणे तयार केलेला कार्यघटक, जोडावयाचा आणि ठराविक कामे त्याच्याकडे सोपवावयाची, अशी ती कल्पना होती. ती बरीच वर्षे चालली. पुढे मात्र तिच्यातील उणिवा जाणवू लागल्या. इंजिनास लायब्ररीच्या अंतरंगातील रचना ठाऊक असावी लागे. त्यामुळे लायब्ररीचे घर आतून जरा बदलले की पाहुण्याची पंचाईत होई. शिवाय, अमुक एवढा भाग तपासून प्रमाणित केला आहे आणि बाकीचा नाही, अशी स्वच्छ सीमारेषा आखणे अवघड होते.

७ सप्टेंबर २०२१ रोजी ३.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली, तेव्हा इंजिनाची पद्धत कालबाह्य ठरविण्यात आली आणि तिच्या जागी ‘प्रोव्हायडर’ ही नवी रचना आली. प्रोव्हायडर म्हणजे पुरवठादार. शासकीय वाचकांस हा शब्द परका वाटण्याचे कारण नाही. किंबहुना, खरेदीच्या नियमांशी परिचय असलेल्या कोणाही अधिकाऱ्यास ही रचना संगणकाच्या पदवीधराइतकीच लवकर उमगेल. मागणी करणारी प्रणाली म्हणते, “मला अमुक जातीचा माल, अमुक विनिर्देशानुसार हवा आहे.” भांडार विभाग, म्हणजे लायब्ररी, मान्यताप्राप्त पुरवठादारांची यादी पाहतो आणि विनिर्देशात बसणारा माल ज्याच्याकडे आहे त्याच्याशी गाठ घालून देतो. माल कोठे व कसा तयार झाला, याची चौकशी मागणी करणाऱ्यास करावी लागत नाही.

ओपनएसएसएलबरोबर असे पाच पुरवठादार येतात. ‘डीफॉल्ट’ हा नेहमीचा. आज प्रचलित असलेली एईएस, एसएचए-२५६, आरएसए इत्यादी गणनपद्धती तो पुरवितो. ‘लेगसी’ हा जुन्या मालाचा. आरसी२, आरसी४, साधा डीईएस, एमडी४ यांसारख्या, आता असुरक्षित किंवा निकामी ठरलेल्या पद्धती त्याच्याकडे ठेवल्या आहेत. ‘फिप्स’ हा अमेरिकी शासनाच्या मानकानुसार तपासलेला. ‘बेस’ किल्ल्या वाचण्या-लिहिण्यापुरता. कारण फिप्सच्या सीमारेषेत ते काम बसत नाही, आणि म्हणून फिप्सच्या जोडीला बेसही लागतो. पाचवा ‘नल’, तो काहीच पुरवीत नाही. असा पुरवठादार कशासाठी, असे वाटेल. पण दुसऱ्या कोणी आपोआप आत येऊ नये म्हणून दाराशी एक माणूस बसवावा, तसा त्याचा उपयोग होतो.

मॉड्यूल आत येते ते कसे

पुरवठादार आत घेण्याचा आदेश दोन मार्गांनी येतो. एकतर प्रणाली लिहिणाऱ्याने तो आपल्या प्रणालीतच लिहिलेला असतो, किंवा यंत्राची देखभाल करणाऱ्याने कॉन्फिगरेशन फाइलमध्ये, म्हणजे त्या यंत्रापुरत्या नियमांच्या फाइलमध्ये, त्याची नोंद केलेली असते. डीफॉल्ट, बेस व नल हे लायब्ररीच्या पोटातच असतात. लेगसी व फिप्स हे सामान्यतः वेगळ्या फाइलींत असतात, आणि त्या फाइली शोधाव्या लागतात. प्रणालीने स्वतः एखादी जागा सांगितली असेल तर तेथे, नाहीतर ठराविक नावाच्या एका पर्यावरण-चलात लिहिलेल्या जागी, तेही नसेल तर लायब्ररी तयार करतानाच ठरवून दिलेल्या फोल्डरमध्ये, असा हा शोधाचा क्रम असतो.

फाइल सापडली की यंत्र ती स्मृतीत आणते आणि तिच्यातील ठराविक नावाच्या प्रवेश-कार्यास हाक मारली जाते. येथे एक देवघेव होते. लायब्ररी आपण देऊ शकणाऱ्या सोयींचा क्रमांकवार तक्ता मॉड्यूलच्या हाती ठेवते. मॉड्यूल आपल्या सोयींचा तसाच तक्ता परत करते. एकमेकांच्या घरात कोणी डोकावत नाही. जे काही चालते ते या दोन तक्त्यांतील क्रमांकांवरून. इंजिनाच्या काळातील मुख्य अडचण या एका बदलाने दूर झाली. पुढे लायब्ररी विचारते : ठसा काढण्याच्या कोणत्या पद्धती तुझ्याकडे आहेत? गुप्त करण्याच्या कोणत्या? स्वाक्षरीच्या कोणत्या? मिळालेली उत्तरे, त्यांना जोडलेल्या गुणविशेषांसह, नोंदली जातात. ‘फिप्स असलेलेच हवे’ किंवा ‘शक्यतो फिप्स असावे, नसल्यास अन्य चालेल’ अशा मागण्या याच गुणविशेषांवरून पुऱ्या होतात.

दोन पुरवठादारांकडे एकच माल असेल आणि मागणीत कसलाही विनिर्देश नसेल, तर दोहोंपैकी कोणाचा माल मिळेल हे निश्चित नसते, असे ओपनएसएसएलची कागदपत्रे स्पष्टपणे सांगतात. जावा भाषेतील अशाच व्यवस्थेत पुरवठादारांना पसंतीक्रम दिलेला असतो आणि यादीत जो वर, त्याचा माल आधी, असा नियम आहे. ओपनएसएसएलने ती वाट धरली नाही. ज्याला निश्चिती हवी त्याने ती मागणीतच लिहावी, असा तिचा दंडक आहे. खरेदीच्या धारिका हाताळलेल्यांना हा दंडक पटण्यासारखा आहे. मोघम मागणीपत्रावर आलेल्या मालाबद्दल तक्रार कोणाकडे करणार?

पुरवठादारास निरोप देण्याचीही रीत आहे. एकच पुरवठादार तीन वेळा बोलाविला गेला तर लायब्ररी तीन ही संख्या ध्यानात ठेवते, आणि तीनही बोलावणी रद्द झाल्यावरच तो खऱ्या अर्थाने बाहेर जातो. नाहीतर एका प्रणालीचे काम संपले म्हणून तिने त्याला घालवून द्यावे आणि त्याच वेळी दुसरी त्याच्याकडून स्वाक्षरी करवून घेत असावी, असा घोटाळा झाला असता. याशिवाय एकाच चालू प्रणालीत पुरवठादारांच्या दोन निरनिराळ्या याद्या ठेवण्याचीही सोय आहे. एका यादीत फक्त प्रमाणित माल, दुसरीत जुनाही. आणि एकीचा दुसरीस स्पर्श नाही.

न सांगता येणारा, न सांगता जाणारा

एवढी रेखीव व्यवस्था असूनही तिच्यात एक खाचखळगा आहे, आणि अनेक अनुभवी माणसे त्यात अडखळलेली आहेत.

कोणीच कोणाला बोलाविले नाही, तर डीफॉल्ट पुरवठादार गरज पडताच आपण होऊन हजर होतो. त्यामुळे बहुतेकांना तो आहे हे ठाऊकही नसते. मात्र दुसऱ्या कोणासही एकदा नावाने बोलाविले, की हे आपोआप येणे बंद होते. ज्याला आजवर कधी बोलवावे लागले नाही, त्यालाही मग नावानिशी आमंत्रण द्यावे लागते.

याचे परिणाम पाहण्यासाठी एक प्रसंग कल्पावा. एखाद्या कार्यालयाच्या सर्व्हरचे प्रमाणपत्र व त्याची खाजगी किल्ली पी-१२ नावाच्या प्रकारातील एका फाइलमध्ये, परवलीच्या शब्दाखाली जपून ठेवलेली आहे. फाइल २०१९ मधील आहे. ओपनएसएसएलच्या तेव्हाच्या आवृत्त्या अशी फाइल तयार करताना प्रमाणपत्राच्या भागास ४० बिटांच्या आरसी२ या जुन्या पद्धतीचे कुलूप घालीत. जुनी १.१.१ ही आवृत्ती ११ सप्टेंबर २०२३ रोजी निवृत्त झाली, म्हणून यंत्रावर ३.० बसविली जाते. आता तीच फाइल उघडत नाही. परवलीचा शब्द बरोबर, फाइल शाबूत. तरी उत्तर येते की ही पद्धत उपलब्ध नाही. चौकशीअंती कळते की आरसी२ ही लेगसीकडे गेली आहे. यंत्र सांभाळणारा मनुष्य कॉन्फिगरेशन फाइल उघडतो, लेगसी सुरू करण्याची ओळ घालतो आणि यंत्र पुन्हा चालू करतो.

आता पी-१२ फाइलपुरते सोडा, काहीच चालत नाही. लेगसीस नावाने बोलाविल्यामुळे डीफॉल्टचे आपोआप येणे थांबले, आणि त्याला बोलाविणारी ओळ मूळ फाइलमध्ये टिप्पणीच्या रूपाने निष्क्रियच राहिली. संकेतस्थळ सुरू होत नाही, कारण एईएस नाही. यंत्र दूरच्या डेटा सेंटरमध्ये असेल, तर दुरुस्तीसाठी दुरून आत शिरण्याचा मार्गही याच लायब्ररीवर अवलंबून असू शकतो. ही कल्पनारंजित भीती नव्हे. ओपनएसएसएलसोबत मिळणाऱ्या कॉन्फिगरेशन फाइलमध्येच निर्मात्यांनी अशी टीप लिहून ठेवली आहे की, दुसरा पुरवठादार सुरू करताना डीफॉल्टलाही सुरू न केल्यास यंत्रात दुरून प्रवेश करणेही अशक्य होऊ शकेल. टीप आहे, परंतु टीप वाचण्याची वेळ माणसावर बहुधा अपघातानंतरच येते.

याच ओळींविषयी आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. ३.० च्या कागदपत्रांनुसार ‘सक्रिय करा’ या शब्दापुढे काय लिहिले आहे यास महत्त्व नव्हते. शब्द असला की पुरवठादार सक्रिय. म्हणजे बंद करण्याच्या हेतूने कोणी पुढे शून्य लिहिले तरी तो सुरूच होई. पुढील आवृत्त्यांत ही विसंगती काढून टाकण्यात आली आणि शून्याचा अर्थ शून्य झाला.

वरील प्रसंगात खरा उपाय निराळाच होता. लेगसीला कायमचे घरात घेण्याची गरज नव्हती. पी-१२ फाइल हाताळणाऱ्या आज्ञेला केवळ त्या एका वेळेपुरते लेगसी वापरण्याचा पर्याय देता येतो. तसे करून जुनी फाइल उघडावी, तिच्यातील मजकूर नव्या, एईएसच्या कुलपाच्या फाइलमध्ये भरावा, मधल्या पायरीवर उघडी पडलेली किल्ली पुसून टाकावी, आणि लेगसीस निरोप द्यावा. दहा मिनिटांचे काम आहे.

ही शिस्त न पाळल्याचे मोठे उदाहरण ऑक्टोबर २०२१ मधील आहे. संकेतस्थळे बांधणाऱ्यांच्या नित्य उपयोगातील ‘नोड’ या प्रणालीची १७ वी आवृत्ती तेव्हा ओपनएसएसएल ३.० वर आली. ‘वेबपॅक’ नावाचे एक लोकप्रिय साधन फाइलींना नावे देण्यासाठी एमडी४ हा ठसा काढीत असे. त्यात गुप्ततेचा काहीही संबंध नव्हता. नुसती नावे पाडण्याचे काम. परंतु एमडी४ लेगसीकडे गेल्यामुळे असंख्य प्रकल्प एकाएकी अडले. नोडमध्ये लेगसी पुरवठादार सुरू करण्याचा एक पर्याय आहे, तो वापरावा, असा सल्ला हातोहात पसरला. अडचण मिटली खरी. पण एका निरुपद्रवी ठशासाठी निकामी कुलपांचे सारे भांडार उघडे झाले, आणि ती तात्पुरती ओळ कित्येक प्रकल्पांत तशीच राहून गेली. वेबपॅकची सुधारलेली आवृत्ती घेणे हा त्यावरचा नेमका उपाय होता. तो थोडा अधिक कष्टाचा, एवढेच.

तपासलेले वजन

बाजारातील वजनमापे तपासून त्यांवर शिक्का मारण्याची पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. फिप्स पुरवठादाराची व्यवस्था काहीशी तशीच आहे. तो यंत्रावर बसविताना एक आज्ञा चालवावी लागते. ती आज्ञा मॉड्यूलच्या संपूर्ण फाइलचा ठसा काढून एका वेगळ्या फाइलमध्ये नोंदविते आणि मॉड्यूलकडून काही ठरलेली गणिते, ज्यांची उत्तरे आधीच ठाऊक आहेत अशी, सोडवून घेते. पुढे जेव्हा जेव्हा ते मॉड्यूल आत घेतले जाते तेव्हा ठसा पुन्हा काढून नोंदीशी ताडला जातो. तो जुळला नाही, तर मॉड्यूल काम करण्याचे नाकारते.

या शिक्क्यावर किती विसंबावे, हे मात्र समजून घेतले पाहिजे. ठसा काढण्यासाठी वापरलेली किल्ली गुप्त नाही. ती खुल्या स्वरूपातच उपलब्ध आहे. फाइल बिघडली, अर्धवट उतरली, चुकीची आवृत्ती आली, तर हा शिक्का ते ओळखतो. परंतु ज्याला मॉड्यूलची फाइल बदलण्याचा अधिकार मिळाला, त्याला ठशाची नोंदही बदलता येईल. म्हणून खरा पहारा शिक्क्यावर नसतो. तो फोल्डरच्या दारावर असतो.

उघड्या फोल्डरची गोष्ट

मॉड्यूल म्हणजे नुसती माहिती नव्हे. ते काम करणारे यंत्र आहे. लायब्ररीने त्याला एकदा आत घेतले की ज्या प्रणालीत ते शिरले तिचे सारे अधिकार त्याला मिळतात. स्वाक्षरी करणाऱ्या प्रणालीत शिरलेले खोटे मॉड्यूल स्वाक्षरीच्या वेळी हजर असते. तेव्हा मॉड्यूले जेथून आणली जातात त्या फोल्डरमध्ये लिहिण्याची मुभा कोणास आहे, हा प्रश्न शिक्के कोणाच्या ताब्यात आहेत या जुन्या प्रश्नाचेच नवे रूप होय.

२०१९ साली याचा प्रत्यय आला. लिनक्ससारख्या यंत्रणांवर ‘यूएसआर लोकल’ या नावाच्या फोल्डरमध्ये लिहिण्याचा अधिकार फक्त मुख्य व्यवस्थापकास असतो, म्हणून ओपनएसएसएलची कॉन्फिगरेशन फाइल व मॉड्यूले तेथे असतील असे गृहीत धरण्यात आले होते. तीच लायब्ररी एका विशिष्ट पद्धतीने विंडोजसाठी बांधली, तेव्हा हे गृहीतही तिच्याबरोबर गेले. विंडोजवर त्या मार्गाचा अर्थ ‘सी’ ड्राइव्हच्या मुळाशी असलेले ‘यूएसआर’ नावाचे फोल्डर, असा झाला. तेथे ते फोल्डर सहसा नसतेच. आणि सामान्य वापरकर्त्यास मुळाशी नवे फोल्डर निर्माण करण्याची मुभा विंडोज देते. म्हणजे कार्यालयातील सामाईक संगणकावर कोणीही साध्या खात्याने आत यावे, ते फोल्डर तयार करावे, त्यात एक कॉन्फिगरेशन फाइल व एक खोटे इंजिन ठेवावे आणि निघून जावे. पुढे अधिक अधिकार असलेल्या माणसाने त्याच यंत्रावर प्रणाली चालविली की ते इंजिन त्याच्या अधिकाराने चालू लागे.

फाइली ने-आण करण्यासाठी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या ‘कर्ल’ या साधनाच्या विंडोज आवृत्तीत हा दोष आढळल्याचे जून २०१९ मध्ये जाहीर झाले, आणि ३० जुलै २०१९ रोजी ओपनएसएसएलनेही त्याविषयी सूचना प्रसिद्ध केली. लायब्ररीच्या गणितात येथे काडीचीही चूक नव्हती. एका गावचा रस्ता दुसऱ्या गावात तसाच असेल, असे मानले गेले होते, इतकेच.

टोकन आणि त्याचे मॉड्यूल

ग्रामपंचायतीच्या मेजावरील छोट्या यूएसबी टोकनचा या साऱ्याशी काय संबंध, हे आता सहज ध्यानी येईल. स्वाक्षरीची खाजगी किल्ली टोकनच्या आत असते व ती बाहेर निघत नाही. संगणक केवळ दस्तऐवजाचा ठसा आत पाठवितो आणि स्वाक्षरी बाहेर येते. मात्र संगणक आणि टोकन यांच्यामध्ये एक दुभाषा लागतो. तो दुभाषा म्हणजे टोकनच्या उत्पादकाने पुरविलेले मॉड्यूल होय. आरएसए लॅबोरेटरीजने १९९५ साली ‘पीकेसीएस-११’ नावाचे एक मानक प्रसिद्ध केले; पुढे त्याची जबाबदारी ‘ओएसिस’ या संस्थेकडे आली. निरनिराळ्या उत्पादकांची टोकने एकाच रीतीने हाताळता येतात ती या मानकामुळे. ओपनएसएसएललाही टोकनपर्यंत पोहोचण्यासाठी पूर्वी याच मानकाचे इंजिन होते, आता त्याचा पुरवठादार आहे.

किल्ली बाहेर येत नाही, म्हणून निर्धास्त राहावे काय? संगणकाच्या कळफलकावर टाकलेला पिन या दुभाषामार्फतच टोकनपर्यंत जातो. सही करावयाचा ठसाही त्याच्याच हातून जातो. दुभाषा खोटा असेल तर तो पिन लक्षात ठेवू शकतो, आणि टोकन जागेवर असेपर्यंत पडद्यावर एका देयकाचे चित्र असताना आत दुसऱ्याच देयकाचा ठसा सरकवू शकतो. टोकनला त्यातला भेद कळत नाही. त्याच्यापुढे केवळ अंक येतात. टोकनसोबतचे सॉफ्टवेअर उत्पादकाकडून किंवा प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडूनच घ्यावे, कोणाच्या तरी पेन ड्राइव्हवरून नव्हे. काम होताच टोकन काढून घ्यावे. आणि सोय म्हणून टोकन व पिन दोन्ही संगणकचालकाच्या हवाली करू नयेत, या सूचनांचे कारण हेच आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४२ अन्वये खाजगी किल्ली आपल्या नियंत्रणात ठेवण्याबाबत वाजवी काळजी घेणे हे प्रमाणपत्रधारकाचे कर्तव्य आहे, आणि ती इतरांच्या हाती गेल्यास प्रमाणन प्राधिकाऱ्यास विनाविलंब कळविणेही बंधनकारक आहे. ‘आमच्या कार्यालयात सगळे असेच चालते’ हे या कलमाला उत्तर होत नाही.

कधीकधी दुभाषा प्रामाणिक असतो, पण टोकनच्या पोटातील गणितच अधू निघते. ऑक्टोबर २०१७ मध्ये इन्फिनियॉन कंपनीच्या चिपमध्ये आरएसए किल्ल्या तयार करणाऱ्या लायब्ररीत दोष असल्याचे जाहीर झाले. त्या किल्ल्या बाहेर दिलेल्या भागावरून शोधून काढणे अपेक्षेपेक्षा पुष्कळ सोपे होते. एस्टोनिया या छोट्याशा देशात नागरिकांची ओळखपत्रे याच चिपवर चालत. नोव्हेंबरच्या आरंभी सुमारे ७ लाख ६० हजार ओळखपत्रांची प्रमाणपत्रे तेथील शासनाने स्थगित केली आणि नवी प्रमाणपत्रे देण्याची व्यवस्था केली. कोणत्या कार्डात कोणती चिप आहे याची नोंद हाताशी होती, म्हणून ते शक्य झाले.

नव्या पद्धतींचे आगमन

पुढील काळात पुंज-संगणक पुरेसे सामर्थ्यवान झाल्यास आरएसएसारख्या पद्धती तग धरणार नाहीत, हे ओळखून अमेरिकेच्या मानक संस्थेने १३ ऑगस्ट २०२४ रोजी तीन नवी मानके प्रसिद्ध केली. त्यापूर्वीच, ‘ओपन क्वांटम सेफ’ या प्रकल्पाने अशा नव्या पद्धतींचा एक स्वतंत्र पुरवठादार तयार करून ठेवला होता. ओपनएसएसएल ३.० असलेल्या यंत्रांवर तो जोडून लोक प्रयोग करू लागले. लायब्ररीची एक ओळही त्यासाठी बदलावी लागली नाही. मॉड्यूलच्या व्यवस्थेचा खरा लाभ येथे दिसतो. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या ३.५ या आवृत्तीत त्या तिन्ही मानकांतील पद्धती डीफॉल्ट पुरवठादाराकडेच आल्या.

ज्यांनी मधल्या काळात बाहेरचा पुरवठादार जोडला होता, त्यांच्यापुढे आता एक कारकुनी पण महत्त्वाचे काम आहे. प्रयोगासाठी आणलेले मॉड्यूल ठेवावयाचे की काढावयाचे? त्यासाठी प्रथम काय जोडलेले आहे ते पाहावे लागते. ओपनएसएसएलमध्ये पुरवठादारांची यादी दाखविणारी आज्ञा आहे. ती नाव, आवृत्ती व स्थिती एवढेच सांगते. ज्या यंत्रावर कोणी काही बदललेले नाही तेथे डीफॉल्टचे एकच नाव दिसते. मात्र ही यादी ती आज्ञा स्वतः ज्या कॉन्फिगरेशन फाइलवर चालते तिच्यापुरती असते. शेजारीच चालू असलेली स्वाक्षरीची प्रणाली दुसरी फाइल वाचत असेल किंवा आपले मॉड्यूल स्वतःच बोलावीत असेल, तर ते या यादीत दिसणार नाही. ते जाणण्यासाठी ती प्रणाली कोठून, कोणाच्या खात्याने आणि कोणत्या पर्यावरण-चलांसह सुरू होते, हे तिच्या सुरुवातीच्या नोंदीतच पाहावे लागते.